मुळे बाबूंचा ऑस्ट्रेलिया

सन दोन हजार तीन. भाद्रपद उतरणीला लागला होता, पितृपक्ष बसला होता. रायपूरला राजधानी होऊन तीन वर्षं पुरी व्हायची होती.

पितृपक्षात कोणी नवा टीव्ही घेत नाही. जुनाच दुरुस्तीला टाकतो. त्यामुळे सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत साहूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे सेट राजधानीबरोबर भोपाळहून आलेल्या साहेबांचे. ट्रकात हादरे खाऊन आलेले, आता एकेक करून बंद पडत होते.

साहूकडे एक पत्र्याचा डबा होता. सेट उघडायचा, दुरुस्त करायचा, बंद करायचा, की दोन-तीन स्क्रू उरायचे. ते त्या डब्यात जायचे. "हे कुठले?" विचारलं तर म्हणायचा, "सेट चालू है ना?"

किस्से असेच उरतात. सेट गेले, माणसं पांगली, डबा भरला. त्यातले हे काही.

*

दुकानात आम्ही चौघं बसायचो.

मी बागडे. रेल्वेच्या वर्कशॉपात वॅगनचा फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. नोकरीत एवढंच शिकलो की हातोडीनं ठोकून आवाज ऐकल्याशिवाय कोणत्याही जोडावर भरवसा ठेवायचा नाही. माणसांनाही तोच नियम लावला. नुकसान झालं नाही.

दुसरा साहू, दुकानाचा मालक. तिसरा नेताम, फौजेतून रिटायर झालेला. चौथे मुळे बाबू. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. तात्यापाऱ्यात त्यांचं जुनं घर.

मुळे बाबू ब्राह्मण, आम्ही बागडे बौद्ध. बोलण्यात कधी फरक नव्हता. एकाच बाकावर बसायचो, एकाच किटलीतला चहा प्यायचो. माझ्या घरी आले तरी चहा घ्यायचे, पाणीही घ्यायचे. पण माझ्या घरी त्यांनी कधी घास खाल्ला नाही. कधी पित्त, कधी उपास, कधी "घरून जेवूनच आलो". माझ्या पोराच्या लग्नात आले, आहेर दिला, फुलं टाकली आणि पंगत बसायच्या आत निघून गेले.

माझी बायको सुशीला त्या दिवशी म्हणाली, "तुमच्या दोस्ताले आपलं पाणी चालते, भाकर नाही चालत."

मी पंगत वाढायला गेलो. पण ते मनात राहिलं. हे आधीच सांगून ठेवतो.

*

रग्बी कशी आली ते सांगतो.

आधी आम्ही क्रिकेट पाहायचो. मग पैसे खाऊन मॅच हरण्याचं प्रकरण निघालं. मी साहूला म्हणालो, "बंद कर." त्यानं बंद केलं. तीन वर्षांनी भारत वर्ल्ड कपच्या फायनलला पोचला, सगळं गाव टीव्हीला चिकटलं. आम्ही बातम्या पाहिल्या. बातम्यांत क्रिकेट आलं की साहू आवाज बंद करायचा.

एक दिवस नेताम म्हणाला, "फिटर भैया, एक खेल है. रग्बी. कलकत्ते में देखा था. यहाँ किसी को मालूम नहीं."

"कोणालेच नाही?"

"एक आदमी को नहीं."

"मग लाव."

जो खेळ गावात कोणाला समजतच नाही, त्यावर सट्टा कोण लावणार? दसऱ्यानंतर ऑस्ट्रेलियात त्याचा वर्ल्ड कप होता. केबलच्या एका चॅनेलवर रोज दुपारी जुन्या मॅच दाखवत होते. कोणता देश जिंकेल याचा अंदाज आम्ही त्यावरून घेऊ लागलो.

पहिल्याच दिवशी मी चेंडू पाहिला. अंड्यासारखा. मी म्हणालो, "हा सरळ उसळत नाही. यात बेइमानीले जागा हाय."

नेताम म्हणाला, "भैया, इस खेल में बॉल बेईमान है. आदमी नहीं."

मग त्यानं नियम सांगितला. खेळाडूनं पळायचं पुढं, पण हातातला चेंडू द्यायचा फक्त मागच्याला. साहूच्या डोक्यात ते शिरेना. मी दोनदा विचारलं.

मुळे बाबूंनी मान हलवली. "समजलं. साहेब पुढं जाते, फाइल मागं देते."

त्या दिवसापासून रग्बी त्यांना आमच्यापेक्षा जास्त समजू लागली.

*

आम्ही ज्या सेटवर पाहायचो तो गिऱ्हाइकाचा. त्यात एक संघ होता गुलाबी. गुलाबी संघानं मॅच जिंकली. दोन दिवसांनी तो सेट गेला, साहूनं दुसरा लावला. त्यात एक हिरवट संघ मॅच जिंकला.

नेताम उठून उभा राहिला. "यही मॅच परसों गुलाबीवाले जीते थे."

खरंच होतं. स्कोअर तोच. पडणारा माणूस त्याच कोपऱ्यात पडला. डोक्याला पट्टी बांधलेला एक दांडगा खेळाडू परवा गुलाबीकडून खेळला होता, आज हिरवटकडून.

"दोन्ही देशांचा पगार घेऊन राहिला," मुळे बाबू म्हणाले.

मी साहूला म्हणालो, "इथंही तेच. बंद कर."

साहूनं रंगाचं बटण फिरवून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "सेट का कलर खराब है."

"परवाच्या का आजच्या?"

"दोनों का."

म्हणजे संघ एकच. इंग्लंड. मी विचारलं, "मग त्याहीचा खरा रंग कोणता?"

साहू म्हणाला, "फिटर साहब, अंग्रेज का असली रंग आज तक किसको पता चला है?"

*

एक कापडवाला शेठ आपल्या टीव्हीसाठी रोज चकरा मारायचा. साहू रोज सांगायचा, पार्ट नागपूरहून येणार आहे. एक दिवस शेठ आवाज न करता आला आणि मागं उभा राहिला. टीव्ही चालू. चौघं बसलेले. न्यूझीलंडवाले मॅचच्या आधी मांड्या बडवत, जीभ काढत नाचत होते.

"ये मेरा टीवी है?"

"टेस्टिंग चल रही है," साहू म्हणाला.

"कब तक चलेगी?"

नेताम म्हणाला, "फायनल तक."

शेठ गेला. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आला. खबर अशी होती की चार म्हातारे टीव्ही लावून देशांची नावं घेतात आणि कोण जिंकणार यावर भांडतात. सट्टा आहे.

नेतामनं त्याला बसवलं. पहिल्यापासून समजावलं. चेंडू मागं का, मग लाथ पुढं का, खाली पडलेल्यावर सगळे का पडतात, कुठं तीन गुण, कुठं पाच. हवालदारानं टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा प्याला. घाम पुसला.

उठताना म्हणाला, "दादा, इसमें सट्टा नहीं लग सकता. जीता कौन, इसी पर झगड़ा हो जाएगा."

मी साहूकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सरकारनं माझं म्हणणं मान्य केलं होतं.

शेठ संध्याकाळी आला आणि आमच्या शेजारी बसला. टीव्ही त्याचा होता. आम्ही सरकलो.

*

मुळे बाबूंची एक सवय होती. हसताना रुमाल तोंडावर धरायचे. दुकानात समोसे आले की आपला वाटा कागदात बांधून घ्यायचे. "नातवाले नेतो." दसऱ्याला मी नागपूरला जाऊन आलो, येताना चिवडा आणला. चौघांत वाटला. मुळे बाबूंनी चिवडाही बांधून घेतला. ते चहात टोस्ट तेवढा बुडवून खायचे, तोही भिंतीकडे तोंड करून.

मी पाहत होतो. माझ्या हातचा चिवडा. मी मनात म्हटलं, बरं.

रग्बीत मुळे बाबू पाय पाहत नसत, छाती पाहत नसत. दात पाहायचे. खेळाडू जवळून दाखवला की पुढं वाकायचे. "याचे दोन गेले. त्याचे वरचे शाबूत आहेत, तो नवा आहे. ज्या संघाचे जास्त दात पडले, तो संघ पक्का."

नेताम खूश झाला. "बाबूजी, बात तो सही है."

एकदा एका खेळाडूनं भर मैदानात तोंडात बोट घालून काहीतरी काढलं आणि हातात धरून पाणी प्यायला.

मुळे बाबू एकदम म्हणाले, "हे काय काढलं?"

"दाँत का कव्हर है. रबर का," नेताम म्हणाला.

"असं सर्वांसमोर काढते?"

"हव, सबके सामने."

"पब्लिक किती असते?"

"पचास हजार, साठ हजार."

"अन् कोणी हासत नाही?"

"काहे को हँसेगा?"

मुळे बाबू टेकून बसले. त्या मॅचमध्ये त्यांचं पुढं लक्ष नव्हतं. कोण जिंकलं तेही त्यांनी मला विचारलं. मी मनात म्हटलं, हे काहीतरी लपवून राहिले. काय, ते समजेना.

*

वर्ल्ड कप तोंडावर आला तेव्हा आम्ही पक्का हिशोब करायला बसलो. कोण जिंकणार, एकदाच सांगायचं, मग बदलायचं नाही.

नेताम म्हणाला, न्यूझीलंड. "जो दुश्मन के सामने जीभ निकाल के खड़ा रहे, उसको कौन हराएगा?"

साहू म्हणाला, कोणीच नाही. "जिसको टीवीवाला सबसे ज़्यादा दिखा रहा है, वो हारेगा." टीव्हीचा माणूस टीव्हीवर सगळ्यांत कमी भरवसा ठेवायचा.

माझी पाळी आली. रग्बीत एक प्रकार असतो, स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून एकमेकांना ढकलतात. बाकीचे पळणारे पाहायचे, मी तेवढंच पाहायचो. दोन वॅगन जोडताना कपलिंग बसतं तसा आवाज यायला पाहिजे. कोणाचा जोड ढिला, कोणाचा घट्ट, तिथं खोटं चालत नाही.

मी म्हणालो, "इंग्लंड."

"बागडे, तुम्ही इंग्रजाच्या बाजूनं?" मुळे बाबू रुमालात हसले.

"मी कपलिंगच्या बाजूनं. तुमचं बोला."

"ऑस्ट्रेलिया."

"काहून?"

"आपल्या घरी खेळून राहिले ना. घरचं अन्न, घरचं पाणी. परक्याच्या घरी जेवून कोणाचं पोट ठिकाणावर राहते?"

ते सहज बोलले असतील. मला सहज वाटलं नाही. पोराच्या लग्नातली उठून गेलेली पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली.

मी म्हणालो, "मुळे बाबू, शर्त लावा."

"पैशाची लावत नाही मी."

"पैशाची नाहीच. इंग्लंड वर्ल्ड कप जिंकलं तर फायनलच्या पुढच्या आठवड्यात, रविवारी, तुमी माझ्या घरी जेवान. चहा नाही. ताट घेऊन, बसून, आमच्यासंगं. इंग्लंड हरलं तर मी हा विषय मरेपर्यंत काढणार नाही."

दुकानात पंखा तेवढा वाजत होता. साहूनं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. नेताम छताकडे पाहू लागला. काय विषय आहे ते दोघांनाही माहीत होतं. मी कधी बोललो नव्हतो.

मुळे बाबूंच्या तोंडावर रुमाल तसाच होता. ते हसत नव्हते. म्हणाले, "लागली."

मी घरी सुशीलाला सांगितलं. ती म्हणाली, "जेवाले बोलवायचं तं सरळ बोलवा. अशी शर्त लावते का कोणी?"

"सरळ बोलावलं तं पित्त होते त्याहीले."

*

न्यूझीलंडची सेमीफायनल ऑस्ट्रेलियाशी झाली. न्यूझीलंड हरलं.

नेताम पडद्यासमोरून उठेना. मग म्हणाला, "ये रिकॉर्डिंग है. असली मॅच कल दिखाएँगे."

दुसऱ्या दिवशी तो असली मॅच पाहायला आला. दिवसभर बसला. संध्याकाळी शेठनं त्याला आपल्या स्कूटरवर घरी सोडलं.

इंग्लंड आपली सेमीफायनल जिंकलं. म्हणजे फायनल इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची. माझी आणि मुळे बाबूंची.

साहूला संशय आला. "इतने देश थे, और बचे आप ही दोनों के? फिटर साहब, सच बोलो."

*

फायनलच्या दिवशी नव्या राज्याच्या पहिल्या निवडणुकीचा प्रचार जोरात होता. दर दहा मिनिटांनी भोंगा लावलेला ऑटो गल्लीतून जायचा आणि टीव्हीतलं काही ऐकू यायचं नाही. आम्ही नुसतं पाहत होतो.

मॅच बरोबरीत सुटली. जादा वेळ दिला. मुळे बाबूंनी चहा घेतला नाही. मीही घेतला नाही. शेवटी शेवटी पुन्हा बरोबरी. तेवढ्यात ऑटो दुकानासमोर येऊन थांबला आणि भोंगा सुरू झाला, नळ देऊ, रस्ता देऊ. पडद्यावर इंग्लंडच्या एका पोरानं चेंडू हातातून सोडला आणि लाथ मारली. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. तीन गुण.

आवाज नाहीच. नुसतं पब्लिक उभं राहिलेलं दिसलं.

मी मुळे बाबूंकडे पाहिलं. त्यांनी छत्री उचलली, चपला घातल्या आणि गेले.

"गए," साहू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढचे दिवसही गेले. मी तात्यापाऱ्यावरून दोनदा गेलो, थांबलो नाही. नेताम म्हणाला, "बीमार होंगे." मी म्हणालो, "नाही. पळाले."

मला त्याचा आनंद झाला नाही. ठोकून पाहिलेला जोड फुटका निघाला की कोणाला आनंद होतो?

*

रविवारी सकाळी सुशीलानं विचारलं, "अजी, काय रांधू?"

"रोजचं. कोणी येत नाही."

तिनं बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. भाकरी टाकल्या. एक ताट जास्त घासून ठेवलं. मी पाहिलं.

मुळे बाबू रिक्षानं आले. इस्त्रीचा सदरा होता. दारात चपला काढल्या, ओटीवर माझ्याजवळ बसले. पाणी दिलं, ते प्यायले. चहाचं विचारलं तर म्हणाले, "चहा नको. जेवाले आलो."

ताटं मांडली. मी त्यांच्या समोर बसलो. सुशीलानं वाढलं. भाकर गरम होती, कडा कडक झालेल्या. मुळे बाबू त्या भाकरीकडे पाहत राहिले. हात लावला नाही. मी म्हटलं, आता पित्त निघते.

ते म्हणाले, "वहिनी, एका वाटीत पाणी द्या."

सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. मलाही तेच वाटलं. ताटाभोवती पाणी फिरवणार. माझ्या घरात, माझ्या अन्नाभोवती. मी हात मागं घेतला आणि ताठ बसलो. म्हटलं, फिरवू दे, मग बोलतो.

सुशीलानं वाटी आणून ठेवली.

मुळे बाबूंनी रुमाल काढला. तोंडापर्यंत नेला. मग घडी करून परत खिशात ठेवला. माझ्याकडे सरळ पाहिलं, तोंडात बोट घातलं आणि वरची ढिली कवळी काढून वाटीत ठेवली. मग खालची.

गाल एकदम आत गेले. कोणी हसलं नाही.

त्यांनी भाकर कुस्करली, रस्सा वर घेतला, बोटांनी कालवलं आणि जेवू लागले. मीही जेवू लागलो. पहिली भाकर संपली. त्यांनी ताट पुढं केलं आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "वहिनी, अजून एक."

सुशीलानं वाढली.